मामीला 'आ करा' कसं म्हणायचं

आमचे दाजी दाताचे डॉक्टर हायत.

एवढं साधं वाक्य, पण माझ्या बहिणीच्या लग्नानंतर कितीतरी दिवस आमच्या घरात कुणाच्या तोंडातून निघालं न्हाई. बहीण म्हंजे थोरली दीपा, दीपमाला. तिचे मालक डॉक्टर रामलिंग, देगलूरला त्यांचा दवाखाना. आमचा बाप अण्णाराव चार पाव्हण्यात बसला की छाती फुगवून सांगायचा, "आमचे जावई डॉक्टर हायत."

समोरचा इच्यारायचा, "कशाचे?"

"डॉक्टर हो, डॉक्टर. घ्या, चहा निवायलाय."

आता एकट्या बापालाच कशाला नावं ठेवायची. आमचं गाव जळकोटच्या अलीकडं. आमच्याकडं लेकरू दहावी झालं की त्याला लातूरला नेऊन टाकतेत. रूम, मेस, ट्युशन. एमबीबीएसला नंबर लागला की वेशीत फ्लेक्स लागतो, आमदारापासून चुलत्यापर्यंत सगळ्यांचे फोटू त्याच्यावर. बीडीएसला, म्हंजे दाताच्या डॉक्टरकीला, लागला की फ्लेक्स न्हाई. नुसते पेढे, तेबी आपल्याच गल्लीत. दाजीच्या गावात तर लोकांनी घाईच केली होती. निकालाच्या आधीच एमबीबीएसचा फ्लेक्स छापून आणला. मग दाजीला लागलं बीडीएस. तो फ्लेक्स उलटा करून कडब्याच्या गंजीवर घातला. दाजीची आई पार्वतम्मा, त्या बिदरकडच्या, मराठीत कन्नड मिसळून बोलतेत. त्या अजून हसत सांगतेत, "अय्यो, लई मजबूत निगाला बगा तो फ्लेक्स! कडबा कवाच भिजला न्हाई."

दाजी तवा काहीतरी काम काढून आत जातेत.

मी दहावीतच शाळेला रामराम ठोकला. एका जागी बसणं मला जमत न्हाई. पिकअप चालवतो. देगलूरला माल उतरवला की गाडी दवाखान्यापुढं लावायची आन् पेशंटच्या बाकड्यावर जाऊन टेकायचं. त्यामुळं दाजीचा धंदा मी जेवढा बघितला तेवढा दीपानं बी बघितला नसंल. आन् दाजीला कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं. जळकोटच्या ष्टँडवर हॉटेलात एकजण म्हणला, "दाताच्या डॉक्टरला काय अक्कल लागती राव, पकड लावली आन् हिसका मारला." मी म्हणलं, "ये इकडं, तुझाच काढून दावतो, पकडीबिगर." लोकांनी मला धरलं म्हणून त्याचे दात जागेवर हायत.

मागं निलंग्याकडचा एक पाव्हणा दवाखान्यात आला होता. पोराला मार्क कमी पडलेले. त्यानं दाजीला इच्यारलं, "डॉक्टरसाब, खरं सांगा. ह्या लाइनीत टेन्शन जास्ती का समाधान जास्ती?"

दाजी हातमोजे काढत नुसते हसले. म्हणले, "खुर्चीत कोण बसतंय त्याच्यावर हाय."

पाव्हणा नाराज होऊन गेला. त्याला वाटलं डॉक्टर टाळायलेत. टाळत न्हवते. पण त्याचं उत्तर द्यायचं तर माझ्या आईच्या तोंडातलं दुखणं सांगावं लागतं, आन् दाजीची शरम बी सांगावी लागती. आन् ती दाजी कवाच सांगणार न्हाईत. म्हणून मी सांगतो.

आधी दाजीचा रोजचा दिवस बघा. देगलूर म्हंजे तीन-चार भाषेचं गाव. सकाळी शटर वर गेलं की बाकड्यावर गालफडं सुजलेली माणसं. तेलंगणातला बाप्या म्हणतो, "पन्नु नोप्पी, सार." कर्नाटकातली बाई म्हणती, "हल्लु नोवु." देगलूरचे चाचा म्हणतेत, "दाढ मार डाल रई साब." सगळ्यांचं एकच, दाढ दुखायली. आन् दाजीचं बी सगळ्यांना एकच, "आ करा." दिवसभर तेच. आ करा. मोठा आ करा. अजून मोठा.

येतेत तेबी सगळं करून झाल्यावर. आधी लवंग, मग कापूर, मग दाढेत तंबाखूची गोळी, मग मेडिकलवाल्याची गोळी, मग कुणीतरी मंतरून दिलेलं पाणी, आन् सगळ्यात शेवटी दाजी. आल्या आल्या म्हणणार, "डॉक्टर, दुखलं न्हाई पायजे." एका पैलवानानं सुई बघून दाजीचं बोट चावलं. एका मास्तरीणबाईनं दाढ निघूस्तोवर दाजीचा बुशर्ट मुठीत धरून ठेवला, गुंड्या तुटल्या. वाकून वाकून दाजीची मान गेली. घरी आले की गळ्याला पट्टा लावून बसतेत. दीपा म्हणती, "ह्येंच्या अंगाला कायम लवंगाचा वास. गरम मसाल्याशी संसार करायलेय मी."

पण एक म्हातारी आठवती मला, मुखेडकडची. तोंडात एक दात न्हवता. दाजीनं तिला कवळी बसवली, हातात आरसा दिला. म्हातारीनं आरसा बघितला न बघितला, कनवटीची पिशवी सोडली, भाजक्या शेंगा काढल्या आन् तिथंच खुर्चीत बसून फोडून खायला लागली. दाजी म्हणले, "आजी, दोन-चार दिस मऊ खावा."

"गप रं बाबा. इतके साल मऊच खाल्लं की."

सगळ्या दवाखान्यात टरफलं. दाजीनं स्वतः झाडू घेतला. त्या दिवशी मान दुखली न्हाई त्यांची. गाणं म्हणत होते, आवाज लई भिकार हाय तरीबी.

आन् एक दुसरा दिवस. धर्माबादचा मिरचीचा व्यापारी आला. लेकीच्या लग्नात फोटूत दात चांगले दिसावे म्हणून दात घासून घ्यायला आला होता. जिंदगीभर गुटखा खाल्लेला. दाजी म्हणले, "आ करा." त्याचं तोंड दोन बोटं बी उघडंना. तो हसत म्हणला, "एवढंच उघडतंय साब, बायको म्हणती बरं हाय, कमी बोलता." दाजी हसले न्हाईत. टॉर्च मारून बघत बसले. मग मला म्हणले, "बस्या, जरा बाहेर जा."

व्यापारी गेला तवा त्याचा चेहरा राखेसारखा झालेला. दाजी बेसिनपाशी हात धूत होते. धुऊन झाले तरी धूतच होते. मला म्हणले, "दात घासायला आलेल्या माणसाला क्यान्सरचं नाव सांगायचं, ह्याची काय प्रॅक्टिस नसती रे. मला दिसलं म्हंजे मला सांगावंच लागतं. दिसून गप बसलो तर मी डॉक्टर कशाचा?"

हे शेवटचं वाक्य दाजीनंच म्हणलेलं हाय. ध्यानात ठेवा.

आता आईचं.

माझी आई सिंधु. तिला मिश्री लागती. दुपारी भांडी झाली की चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजणार, घरभर त्याचा ठसका, मग ती चुरून डबीत भरणार आन् बोटानं दाताला घासत बसणार. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया घासतेत. पोट साफ व्हतं म्हणतेत. पण दाजी यायचे म्हणलं की डबी तांदळाच्या डब्यात जायची. आन् आईचा पदर दातात जायचा.

आमच्याकडं सासू जावयासमोर तोंड उघडं ठेवून येत न्हाई. डोक्यावरनं पदर घ्यायचा, त्याचं टोक दातात धरायचं, आन् उभं ऱ्हायचं ते दाराच्या आड. समोर बसून जेवायचं न्हाई. सरळ बोलायचं न्हाई. आई दाजीशी सगळं माझ्या मार्फत बोलायची. दाजी समोर हातभर अंतरावर बसलेले, आन् आई म्हणायची, "बसवंत, दाजीला इच्यार भाकर वाढू का."

मी म्हणायचो, "त्येंना ऐकू येतंय की."

"तू इच्यार."

दाजी बी तसेच. खाली मान घालून मला सांगायचे, "बस्या, मामींना म्हणावं बास झालं." म्हंजे दोन शहाणी माणसं आन् मधी मी टेलिफोन.

ह्या सगळ्यात आईच्या गालात फोड आली होती. कवा आली ते तिलाच ठाऊक. तिनं हळद लावली, तुरटीच्या गुळण्या केल्या, तूप लावलं. बरी होईना. घरात जावई दाताचा डॉक्टर, आन् ती फोड घेऊन गप. दीपाला सांगितलं न्हाई, कारण दीपाला सांगणं म्हंजे दाजीला सांगणं. आन् दाजीला कळलं म्हंजे दाजी म्हणणार, आ करा. जावयासमोर मिश्रीनं काळं झालेलं तोंड उघडायचं. ह्याच्यापरीस मेलेलं बरं, असं तिला खरंच वाटत होतं. नंतर तिनंच सांगितलं.

मग धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, जावयाचे पाय धुवायचे, वाण द्यायचं. दाजी, दीपा आले. पार्वतम्मा बी आल्या, घरी एकट्या कशाला ऱ्हातेत म्हणून दीपानंच आणल्या. पाऊस उघडलेला, शेतात सोयाबीनवर फवारणी चाललेली, पण बापानं त्या दिवशी पंप बंद ठेवला. नवं धोतर नेसून बसला.

दाजी पाटावर, पाय परातीत. त्यांना ह्या पाय धुण्याची लई शरम. "मामा, ऱ्हाऊ द्या हो. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे."

"रीत हाय डॉक्टर. गप बसा," बाप म्हणला आन् तांब्यानं पाणी सोडलं.

आई वाकली. डोक्यावर पदर, टोक दातात. दाजीच्या पायावरनं हात फिरवला आन् पदर सुटला. तिनं परत दातात धरला. परत सुटला. मी दाराला टेकून बघत होतो. मला वाटलं, पाण्यानं हात ओले म्हणून निसटायलाय. पण धरायचा होता दातानं, हातानं न्हाई. हे माझ्या टाळक्यात आलं न्हाई.

दाजीच्या आलं. पदर त्यांच्या नाकासमोर होता. पिवळ्या लुगड्याचा काठ, आन् जिथं दातात धरलेला तिथं ओला लाल डाग. कुंकू न्हवतं ते.

दाजीनं पाय मागं ओढला. परात कलंडली, पाणी सगळं बापाच्या नव्या धोतरावर.

"मामी..." दाजी म्हणले.

आई उठली, सैपाकघरात गेली, आतून कडी.

बाप घाबरला. "काय झालं डॉक्टर? पानी लई गरम व्हतं का?"

दीपा दारावर थापा मारायला लागली. "आई, पदराला रगत कशाचं? तोंडात काय झालंय?"

आतनं आवाज आला, "काई न्हाई. बरश लागला."

"तू कवापासून ब्रश करायलीस?"

आई म्हणली, "बसवंत, दाजीला म्हणावं जेवून घ्या. पुरन निवायलंय."

दाजी ओल्या पायानं दारापुढं उभे. देगलूरात दिवसभर ज्याचं तोंड चालतं तो माणूस खाली बघत उभा. मला राहवेना. म्हणलं, "दाजी, म्हणा की! आ करा म्हणा. परक्या बायांना दिवसभर म्हणता, इथं काय झालं?"

दाजी हळूच म्हणले, "होईना रे बस्या."

एवढ्यात पार्वतम्मा उठल्या. "एन आयतु? काय नाटक हे?" काय झालं ते दीपानं सांगितलं. पार्वतम्मा सैपाकघराच्या खिडकीपाशी गेल्या, तोंडात बोट घातलं, वरची-खालची कवळी काढली आन् गजातनं आत धरली. म्हणाल्या काहीतरी. कवळीबिगर त्यांचं बोलणं निम्मं वारंच. एवढं समजलं, "बगा विहीनबाई, माज्या लेकानं बनिवली. बिनदाताची हाय मी, तुमच्या मालकासमोर उबी हाय. मला न्हाई शरम, तुमाला कशाला?"

आमच्या बापानं तोंड भिंतीकडं केलं.

आतनं आईचं हसणं आलं. खरंच हसली ती. आन् हसता हसता "आई गं" म्हणून कळवळली. गाल ओढला गेला असंल. मग म्हणली, "तुमी त्येंच्या आई हाव. मी सासू हाय."

म्हंजे तो इलाज बी गेला. पार्वतम्मांनी कवळी पदराला पुसून परत बसवली आन् दाजीकडं बघून म्हणाल्या, "मग तूच बोल की रे आता."

दाजी उंबऱ्यापाशी खाली बसले. दाराकडं तोंड करून. आन् पहिल्यांदा माझ्या मार्फत न बोलता बोलले.

"मामी, मला दिसत होतं."

आत भांड्याचा आवाज येत होता तो थांबला.

"दिवाळीला आलो होतो. तुम्ही ठेचा केला होता, आन् स्वतः शिवला न्हाई. भाकर दुधात कुसकरून घेतली. दाराआड जेवत होता, तेबी एकाच बाजूनं चावून. मी बघितलं. डॉक्टरला दिसतंच ते. मी दीपाला बी बोललो न्हाई. म्हणलं, इच्यारलं तर पुढं म्हणावं लागंल, तोंड उघडा. सासूला कसं म्हणायचं? माझ्या खुर्चीत रोज कुणाकुणाच्या सासवा बसतेत, त्यांना म्हणतो. तुम्हाला म्हणायची लाज वाटली. लाजेपायी मी दिवाळीपासून गप हाय, मामी."

दीपा त्यांच्याकडं बघतच राहिली. तिला बी हे पहिल्यांदाच कळत होतं.

माझं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या कुणी असं म्हणलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. दिवाळीपासून! तुम्हाला दिसलं आन् गप? तुम्हीच म्हणलं न्हवतं का, दिसून गप बसलो तर मी डॉक्टर कशाचा? हे सगळं माझ्या जिभेवर आलं. आन् मग वाटलं, धरायची कुणाची? मी रोज तिच्या हातचं खातो. ती भाकर कुसकरायली हे मी बी बघत होतो. म्हणत होतो, म्हातारी व्हायली. बाप तिच्याच घरात झोपतो. दीपा आठवड्याला फोन करती. आमच्यातल्या कुणाला तिच्या तोंडात बघावं वाटलं? दाजीला दिसलं तरी. आम्हाला तर दिसलंच न्हाई. घरात सगळेच्या सगळे मान खाली घालून उभे, जसं कुणाच्या तरी चोरीत सापडलो.

कडी निघाली.

आई दारात आली. पदर डोक्यावर, दातात न्हाई. दाजी खाली बसलेले, त्यांच्या डोक्याकडं बघून ती सरळ त्यांच्याशी बोलली. लग्नापासून पहिल्यांदा.

"तुमी कामून लाजायलाव? घान तोंड माझं हाय."

आन् तिनं काय केलं, पदर ओढून डोळ्यावर घेतला. कपाळ, डोळे, नाक, सगळं झाकलं. उंबऱ्यातच बसली. आन् कुणी न म्हणता आ केला.

दाजीला उठायला थोडा टाइम लागला. मग मात्र ते एकदम दवाखान्यातले दाजी झाले. साबणानं हात धुतले. मला म्हणले, मोबाइलची टॉर्च धर. दीपाला म्हणले, चमचा उकळत्या पाण्यातनं काढून आण. धोंड्याच्या तळणीशेजारी चमचा उकळला. त्या चमच्याच्या पाठीनं त्यांनी आईचा गाल बाजूला केला.

मी टॉर्च धरलेली, म्हणून मला बी दिसलं. दात सगळे काळपट. डाव्या गालात आतनं पांढरं, दुधावरच्या सायीसारखं, आन् त्याच्या मधोमध लाल जखम, चिंचोक्याएवढी. मी तोंड फिरवलं, त्यासंगं टॉर्च बी फिरली. दाजी म्हणले, "बस्या, उजेड." मग त्यांनी बोटानं आईच्या जबड्याखाली, गळ्यात, दाबून दाबून बघितलं. पदराखालनं आईच्या डोळ्याचं पाणी गालावर आलं, ते दाजीच्या बोटावर. ते त्यांनी पुसलं न्हाई.

"मामी, मिटा आता."

आईनं तोंड मिटलं, पण डोळ्यावरचा पदर काढला न्हाई.

धोंडे कुणी खाल्ले न्हाईत त्या दिवशी. बाप ओल्या धोतरावर तसाच बसून होता. दाजीला म्हणला, "डॉक्टर, कोन्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं का?" आन् म्हणल्यावर स्वतःच वरमला. दाजी म्हणले, "दाखवू मामा. पण आधी मी तुकडा काढून तपासायला पाठवतो. ते माझंच काम हाय."

दुसऱ्या दिवशी पिकअपमधी मधल्या सीटवर आई, खिडकीशी दीपा, मागं हौद्यात दाजी. म्हणलं, "दाजी, तुम्ही पुढं बसा." म्हणले, "ऱ्हाऊ दे." देगलूरपर्यंत ते हौद्यात उभे, दांड्याला धरून, गळ्याला पट्टा. डॉक्टर माणूस. वाटेनं लोक बघत होते. मला वाटतं, शिक्षा म्हणून दाजीला ते लोकांना बघू द्यायचंच होतं.

दवाखान्यात तुकडा त्यांनीच काढला. नांदेडला तपासायला पाठवला. निरोप आला तवा दाजीनं फोन कानाला धरून खिडकीकडं तोंड केलं, आन् मला त्यांची नुसती पाठ दिसली. पाठीवरनंच कळलं.

क्यान्सर. पण लवकरचा. गळ्यात उतरला न्हवता. दाजीनं मिरचीवाल्याला सांगितलं असंल तसंच आईला सांगितलं असतं, खाली बसून, नीट. पण आईनंच आधी म्हणलं, "त्येच हाय ना? माझ्या मावशीला व्हतं. तिनं बी कुनाला दाखवलं न्हाई."

लातूरला ऑपरेशन झालं. गालाचा आतला भाग काढला, मागच्या दाढा काढल्या, मांडीचं कातडं आत लावलं. ऑपरेशनच्या डॉक्टरनं बाहेर येऊन इच्यारलं, "वेळेवर आणलं. कुणी ओळखलं?" बाप पुढं झाला. "आमच्या जावयानं. दाताचे डॉक्टर हायत. दाताचे." दोनदा म्हणला, मोठ्यानं. मी दाजीकडं बघितलं. त्यांना ती वेळेवरची गोष्ट सहन होईना. ते जिन्याकडं निघून गेले. मी मागं गेलो तर जिन्यात भिंतीला टेकलेले. म्हणले, "वेळेवर म्हणायलाय तो. दिवाळीला आणलं असतं तर दाढा वाचल्या असत्या रे." खरं होतं. मी नुसता शेजारी उभा ऱ्हायलो.

आता आईचा डावा गाल थोडा आत ओढल्यासारखा हाय. मिश्री सुटली, तवा अंगणात पालथा पडलाय, त्याच्यावर कोंबड्या बसतेत. बापाला आता कुणी "कशाचे डॉक्टर" इच्यारायच्या आतच तो सगळं सांगतो, गालापासून दाढेपर्यंत, पाव्हण्याचा चहा निवतो तरी थांबत न्हाई.

पण एक राहिलं. ऑपरेशननंतर आईचं तोंड उघडंना. कातडं आखडतं. ते उघडायला रोज व्यायाम करावा लागतो. दाजीनं तिला आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिलाय. एकावर एक काड्या दातात घालून तोंड उघडून बसायचं, जमलं की अजून एक काडी सरकवायची. ज्या बाईनं जिंदगीभर तोंड झाकलं ती आता ओसरीवर सगळ्या गल्लीसमोर आ करून बसती. मला शिवी द्यायची असली की आधी काड्या काढाव्या लागतेत. तोवर मी पळून जातो.

पंधरवड्याला तिला देगलूरला नेतो. परवा बी नेलं. ती खुर्चीत बसली, पदर खांद्यावर. डोक्यावर बी न्हाई. दाजी काड्या घेऊन समोर आले. मास्क लावला, हातमोजे घातले, सगळं केलं. आन् उभे ऱ्हायले. अजून बी त्यांना टाइम लागतो. दुसऱ्या कुणाला लागत न्हाई, तिलाच.

"आ करा, मामी," दाजी म्हणले. फरशीकडं बघून.

आईनं आ केला न्हाई. त्यांच्या मास्ककडं बघत बसली. मग म्हणली,

"वर बगा की. खाली बगून काय दिसनार हाय तुमाला?"